कॉम्बी ओव्हनमधला कोरडा वारा

हॉटेलच्या स्वयंपाकघरात कॉम्बी ओव्हन आला की कौतुक होतं ते वाफेचं. भात, इडल्या, भाज्या, सगळं एकाच पोलादी कपाटात वाफवून निघतं, हे आहेच अप्रूप. पण खारी, पाव, बिस्किटं करणाऱ्याची सगळी भिस्त याच यंत्राच्या कोरड्या, फिरत्या उष्णतेवर असते. तिला कन्व्हेक्शन म्हणतात. माझ्या मते या यंत्रावरचा हात खरा ओळखू येतो तो इथेच.

फिरत्या गरम हवेचा ओव्हन कॉम्बीपेक्षा जुना. अमेरिकेत विल्यम मॅक्ससन यांनी १९४० च्या दशकात गोठवलेलं जेवण विमानात गरम करण्यासाठी पंख्याचा ओव्हन बनवला. झिगफ्रीड माइस्टर यांनी १९७३ साली बव्हेरियातल्या लँड्सबर्गला सुरू केलेली ‘रॅशनल’ कंपनीही आधी गरम हवेचेच ओव्हन विकत होती. हवा आणि वाफ एकत्र आणणारा तिचा कॉम्बी १९७६ मध्ये आला.

हवा उष्णता वाहून नेण्यात तशी मंदच. त्यात भर म्हणजे पदार्थाभोवती थंड, दमट हवेचा पातळ थर चिकटून बसतो आणि उष्णता अडवतो. पंखा तो थर सतत उडवून लावतो. वारा असला की दोरीवरचे कपडे लवकर वाळतात, तसंच हे. म्हणूनच साध्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर होणारी गोष्ट इथे साधारण १८० वर होते. पंखा मधून हवा ओढतो आणि त्याच्यासमोरच्या पत्र्याच्या पडद्यामागून कडांनी बाहेर फेकतो. एकाच बाजूचे तुकडे करपू नयेत म्हणून बऱ्याच यंत्रांत तो ठरावीक वेळाने उलटा फिरतो.

खारी घ्या. कणकेच्या आणि वनस्पती तुपाच्या घड्यांमधल्या पाण्याची वाफ होते, तीच पापुद्रे उचलते. त्यासाठी सुरुवातीला कडक आच हवी. पापुद्रे सुटले की मात्र उरलेला ओलावा बाहेर गेलाच पाहिजे, नाहीतर खारी वरून सोनेरी आणि आतून चिवट राहते. इथे ओलावा बाहेर सोडणारी झडप उघडायची, आच उतरवायची आणि सावकाश वाळवायचं. डबा उघडल्यावर येणारा तो कुरकुरीतपणा या दुसऱ्या टप्प्याचा असतो. घाईत तोच टप्पा कापला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

स्पंज केकला मात्र जोराचा वारा सोसत नाही. पीठ घट्ट होण्याआधीच वरचा भाग एका बाजूला कलतो, कधी साय धरून फुटतो. पंख्याचा वेग कमी करता येतो, तो करावाच.

जास्त बिघडतं ते ट्रे लावताना. ५३० बाय ३२५ मिलिमीटरचे ट्रे एकावर एक सगळ्या खाचांत कोंबले की हवेला वाटच राहत नाही. एक-एक खाच रिकामी सोडली तर माल कमी दिसतो, पण सगळा सारखा भाजतो. दार उघडून थंड माल आत सरकवला की तापमान धाडकन उतरतं, म्हणून भाजायच्या आचेपेक्षा वीस-तीस अंश जास्त तापवून घेतात.

लादी पाव या यंत्राची कसोटी पाहतो. गोळे एकमेकांना खेटून असतात, त्यामुळे वारा फक्त वरून लागतो. विटांची भट्टी तळातून जी आच देते ती इथे नाही. आच चढी ठेवली तर माथा तपकिरी होतो आणि मधला पाव कच्चा राहतो. म्हणून आधी थोडी वाफ सोडावी. ती गार पिठावर थिजताना आपली उष्णता पिठाला देते आणि साल मऊ ठेवते, तेवढ्यात पाव फुगून घेतो. मग वाफ बंद, पंखा मंद, आच बेताची, आणि पातळ पत्र्याचा ट्रे, म्हणजे तळालाही ऊब पोहोचते.