इरा, मीरा आणि… पुढे काय?

पहिल्या दोघींची नावं एकदम मस्त जुळली. आता तिसरी आलीय! यमक पुढे न्यायचं, की काहीतरी वेगळं शोधायचं? एका आत्याने बारा दिवसांत केलेला होमवर्क.

महाभारतातल्या काशीच्या राजाला तीन मुली. पहिली अंबा, दुसरी अंबिका, तिसरी अंबालिका. म्हणजे बघा, भावंडांच्या नावांचं ‘मॅचिंग’ हे काही आपल्या पिढीचं फॅड नाही! पण यातली आपल्या डोक्यात पक्की बसते ती अंबा. भीष्माला जाब विचारणारी, पुढे शिखंडी म्हणून जन्म घेणारी. बाकी दोघींपैकी धृतराष्ट्राची आई कोण आणि पांडूची कोण, हे विचारलं तर भले भले क्विझवाले दोन सेकंद थांबतात. (धृतराष्ट्र अंबिकेचा, पांडू अंबालिकेचा.)

आता जनकाच्या घरी डोकावा. त्याच्या दोघी सीता आणि ऊर्मिला, भावाच्या दोघी मांडवी आणि श्रुतकीर्ती. चार नावांत कुठे यमक नाही, पहिलं अक्षरही सारखं नाही. तरी चौघी एका घरातल्या वाटतात.

हे सगळं पुराण उकरायचं कारण म्हणजे माझी ड्यूटी. दादा-वहिनीला इरा आणि मीरा अशा दोन मुली. एक सात वर्षांची, दुसरी चार. आणि आता तिसरीही मुलगीच झाली. आमच्याकडे नाव आत्याने सुचवायचं आणि बारशाला तिनेच बाळाच्या कानात सांगायचं, अशी पद्धत. ऑफिसात क्लायंटच्या डेडलाइन बऱ्याच पाळल्यात, पण ही जरा वेगळीच होती. बारा दिवस, एक नाव, आणि अप्रूव्हल द्यायला अख्खं खानदान!

यमकाचा सापळा

फॅमिलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिल्या तासात सतरा नावं आली. त्यातली बारा ‘रा’वर संपणारी. पहिला नंबर नीरा. नाव गोड आहे, नदी पुणे जिल्ह्यातलीच आहे. पण रस्त्यात ‘नीरा विक्री केंद्र’ दिसलं की शाळेतली पोरं काय करतील ते सांगायला नको. मग हीरा, वीरा, तारा. ऑस्ट्रेलियातल्या चुलतभावाने ‘झारा’ पाठवलं. त्यावर आईचा रिप्लाय आला, ‘भजी तळायची आहेत का?’ विषय संपला. शेवटी दादाने वैतागून ‘जीरा’ लिहिलं आणि ग्रुप म्यूट केला.

गंमत सोडा, पण यमकाचा एक खरा प्रॉब्लेम आहे. पहिलीचं नाव आई-बाबा मन लावून शोधतात. दुसरीचं त्याला शोभेल असं बघतात. तिसरीपर्यंत यमकाच्या डब्यात जे उरलं असेल ते तिच्या वाट्याला येतं. म्हणजे नाव तिचं, पण ते ठरवलं कोणी? थोरल्या बहिणीच्या शेवटच्या अक्षराने!

फुलं, नद्या आणि ‘ता’

प्रत्येक पिढीने आपापल्या परीने हा खेळ खेळलाय. आजीच्या पिढीत फुलांची फॅशन. सुमन, कुसुम, मालती, शेवंता. नाहीतर नद्या. गोदावरी, यमुना, कावेरी. आमच्या आयांच्या वेळी ‘ता’ची लाट. सुनीता, अनिता, विनिता. एका बिल्डिंगमध्ये ‘ए ऽऽ ता’ असं ओरडलं की चार खिडक्या उघडायच्या. मग ज्योती, आरती, कीर्ती आल्या, वर्षा-हर्षा आल्या.

अर्थात, जुन्या काळी हे जुळवलेलं यमक टिकायचं लग्नापर्यंतच. सासरी गेलं की ताटातल्या तांदळात अंगठीने नवीन नाव लिहिलं, की माहेरचं नाव गेलं. डॉ. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, हे आपण शाळेत वाचलंय. माझी आजी सुमनची शकुंतला झाली. आज आपल्याकडे बहुतेक मुली आपलं नाव आयुष्यभर वापरतात. डिग्रीवर, पासपोर्टवर, सॅलरी स्लिपवर. म्हणजे आपण पाळण्यात ठेवतोय ते नाव आता खरंच लाँग टर्म इन्व्हेस्टमेंट आहे.

जुळणं आणि चिकटणं यात फरक असतो. मंगेशकर भगिनी घ्या. लता, मीना, आशा, उषा. चारही नावं दोन अक्षरी, चारही आकारान्त. थोरलीचं पाळण्यातलं नाव हेमा, पुढे ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेवरून लता झालं. चारही नावं एका माळेतली, पण ‘लता’ म्हटल्यावर कुणाला ‘मीना’ ऐकू आलं नाही. शोभना समर्थांच्या मुली नूतन आणि तनुजा. यमक औषधालाही नाही, तरी बहिणी शोभतात.

हाक मारून बघा!

कागदावर सुंदर दिसणारं नाव स्वयंपाकघरातून कसं ऐकू येतं, ही खरी टेस्ट. मी शॉर्टलिस्ट घेऊन दादाच्या चौथ्या मजल्याच्या गॅलरीत उभी राहिले आणि खाली खेळणाऱ्या दोघींना हाका मारल्या. ‘इरा’ म्हटलं, दोघींनी वर पाहिलं. ‘मीरा’ म्हटलं, दोघींनी वर पाहिलं. ‘नीरा’ म्हटलं, तरी दोघींनी वर पाहिलं! लांबून हाक मारली की स्वर पोचतो, पहिलं व्यंजन वाटेत विरतं. मग उरतं फक्त ‘ई-रा’. तिसरी त्याच सुरातली आली तर घरात कायम ‘मी नाही, तिला बोलावलं’ हा सीरियल चालू राहणार.

आया मुलांची नावं का उलटीपालटी करतात, यावर अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक पेपर लिहिला होता. आपण चुकतो ते बहुतेकदा एकाच कप्प्यातल्या माणसांच्या नावात, म्हणजे घरच्याला घरच्याचंच नाव लावतो. आणि नावं ऐकायला सारखी असतील तर घोळ वाढतो. (त्यांच्या यादीत घरच्या कुत्र्याचं नावही निघालं!) वहिनी आत्ताच ‘ई… मी… अगं तू गं!’ करते. त्यात तिसरं सारखं नाव म्हणजे तिच्यावर अन्याय.

तिसरी कन्या, रासही कन्या

आईच्या समाधानासाठी गुरुजींना फोन झाला. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, एकूण १०८ अक्षरं. बाळाचं नक्षत्र निघालं हस्त, म्हणजे रास कन्या. तिसरी कन्या, रासही कन्या, यावर दादा पहिल्यांदा खळखळून हसला. पुढे गुरुजी म्हणाले, ‘चरण तिसरा, अक्षर ण.’

‘ण’वरून नाव शोधून दाखवा! हस्ताची अक्षरंच पू, ष, ण, ठ. गुरुजी प्रॅक्टिकल होते. म्हणाले, ‘जन्मनाव पत्रिकेत राहू द्या. हाकेचं नाव तुम्हाला आवडेल ते ठेवा.’

‘आता पुरे’ असं कुणाचं नाव?

इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं. पाचव्या दिवशी गावाहून मोठी काकू आली. बाळाला पाहून म्हणाली, ‘तृप्ती ठेवा. म्हणजे कसं, झालं आता, पुरे.’ मागून कुणीतरी ‘इति’ सुचवलं. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. तृप्ती हे नावही छानच आहे, माझ्या टीममधली तृप्ती तर आई-बाबांची पहिली आणि एकुलती एक. पण इथे ते नाव बाळासाठी नव्हतंच, ते देवाला पाठवलेलं पत्र होतं. वहिनी शांतपणे म्हणाली, ‘काकू, हिचं नाव हिच्यासाठी असू द्या. आमच्या मोजणीसाठी नको.’

खोलीत एकदम कुणी काही बोलेना. मग कोपऱ्यातून आजी म्हणाली, ‘आमच्यात तिसरीला नावच उरलं नव्हतं.’

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. आजी सुमन, तिची पाठची कुसुम. पहिल्या दोघींना फुलांची नावं, मॅचिंग. आणि तिसरी? नकुसा. मी लहानपणापासून ‘नकुसा आजी’ म्हणत आले, जशी कुणाची शांता आजी असते तशी. त्याचा अर्थ ‘नकोशी’ असा होतो, हे कळण्याआधीच त्या शब्दाची सवय झाली होती. असं नाव ठेवलं की पुढचा मुलगा होतो, ही समजूत.

ही काही एकट्या आमच्या घरची गोष्ट नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात एक कार्यक्रम झाला. नकुसा, नकुशी अशी नावं असलेल्या २८५ मुलींना नवीन नावं मिळाली, प्रमाणपत्रासकट. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी सिनेमातल्या हिरॉइनचं. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ९१३ होता.

आणि आपण एकटेच नाही बरं. बंगालमध्ये ‘आन्नाकाली’ असायची, म्हणजे ‘आर ना, काली’, आता नको गं देवी! राजस्थानात ‘धापू’, म्हणजे पोट भरलं. चीनमध्ये ‘चाओदी’, म्हणजे धाकट्या भावाला बोलावून आण. बाळ बिचारं पाळण्यात आणि गळ्यात निरोपाची पाटी.

मी नकुसा आजीला फोन करून विचारलं, ‘तुला कधी नाव बदलावंसं वाटलं नाही?’ ती म्हणाली, ‘आता कशाला गं? बँकेत सही तीच हाय. पण पोरीचं चांगलं ठेवा.’

मग काय ठरलं?

त्या रात्री मी एक्सेल शीट बंद केली आणि थोरल्या दोघींच्या नावांचे अर्थ लिहून काढले. संस्कृत कोशात इरा म्हणजे पृथ्वी, पाणी आणि वाणीसुद्धा. मीरा तर पदं रचणारी. म्हणजे एक वाणी, दुसरी पदं. आता तिसरं यमक शोधायची गरजच नव्हती. शब्दाच्या घरातलंच, पण स्वतःचा सूर असलेलं काहीतरी हवं होतं.

ओवी.

दोनच अक्षरं, थोरल्यांसारखी. पण शेवटी ‘रा’ नाही, हाक वेगळी ऐकू येते. ज्ञानेश्वरी ज्या छंदात आहे तो, आणि पहाटे जात्यावर बायका जे म्हणायच्या तेही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्यात. ज्यांचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही, अशा बायकांनी रचलेल्या.

वहिनीने नाव दोनदा उच्चारून पाहिलं आणि मान हलवली. दादाने गॅलरीत जाऊन हाक मारली. खाली कुणीच वर पाहिलं नाही. टेस्ट पास! मीरा मात्र रुसली, ‘तिचं आमच्यासारखं का नाही?’ इरा म्हणाली, ‘अगं, आपलं दोघींचं आहे ना, तिचं तिला नको का?’ सात वर्षांच्या पोरीने माझ्या बारा दिवसांच्या होमवर्कचा निकाल एका वाक्यात लावला.

बारशाला नकुसा आजीही आली होती. नाव ऐकलं आणि म्हणाली, ‘या बया, ओव्या तर मी दळताना म्हणायची!’ मग पाळण्याची दोरी तिने काही सोडली नाही.

तुमच्याकडेही नंबर लागणार असेल तर…

• सगळ्या भावंडांची नावं एका दमात, मोठ्याने म्हणा. मग दार लावून पलीकडून म्हणा. दोन्हीकडे वेगळी ऐकू आली पाहिजेत.

• यमकापेक्षा धागा शोधा. अर्थ, अक्षरांची संख्या, भाषा, एखादी आठवण. धागा एक असावा, मणी वेगळे.

• पहिलं अक्षर सारखं नको. कुरिअरवर नुसतं ‘एम.’ आलं की पार्सल कुणाचं यावरून भांडण ठरलेलं.

• पूर्ण नाव लिहून बघा, आईच्या नावासकट. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदपत्रांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव याच क्रमाने लिहायचं आहे. म्हणजे नाव आईच्या नावाशेजारीही शोभायला हवं!

• घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, पण नावाचा रकाना मागून भरता येतो. १२ महिन्यांपर्यंत फी नाही, त्यानंतर फी भरून १५ वर्षांपर्यंत. मात्र १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळेपासून लायसन्सपर्यंत जन्मदाखलाच पुरावा म्हणून लागणार, तेव्हा स्पेलिंग दोनदा तपासा.

• आणि सगळ्यात महत्त्वाचं. ते नाव पहिल्या मुलीला ठेवलं असतं का, हे स्वतःला विचारा. उत्तर ‘हो’ आलं, की खुशाल पेढे सांगा!