दुप्पट परतीचं बियाणं

अकोले तालुक्यातलं कोंभाळणे हे कळसूबाईच्या परिसरातलं डोंगराळ गाव. पावसाळा सरत आला की इथल्या घरांमागे मांडवावर घेवडा आणि वाल चढलेले दिसतात. खाली मिरची-वांगी, कडेला भोपळ्याचा वेल, आणि मोरीचं पाणी वाया न घालवता थेट वेलांच्या मुळाशी सोडलेलं. ही परसबाग. ती ज्याच्या त्याच्या घरची असते खरी, पण तिच्यातलं बियाणं गावभर फिरतं. शेजार कशानं टिकतो, याचं उत्तर अहिल्यानगर जिल्ह्यात शोधायचं तर या फिरत्या बियाण्यापासूनच सुरुवात करायला हवी.

हे फिरणं मध्यंतरी जवळजवळ थांबलं होतं. दुकानातलं संकरित बियाणं आलं, तसं शेजारणीकडे मूठभर दाणे मागायला जाण्याचं कारणच उरलं नाही. राहीबाई सोमा पोपेरे यांनी ते पुन्हा सुरू केलं. १९६४ साली जन्मलेल्या, महादेव कोळी समाजातल्या राहीबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. घरात नातू आजारी पडला, तेव्हा फवारणीच्या भाज्यांवर त्यांचा संशय गेला आणि त्यांनी गावठी वाण गोळा करायला घेतले. पुढे ‘बायफ’ संस्थेची साथ मिळाली, त्यांच्या घरी बियाणे बँक उभी राहिली, परिसरातल्या बायांचे गट जोडले गेले. २०१८ चा नारीशक्ती पुरस्कार आणि २०२० साली जाहीर झालेली पद्मश्री हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामानानं बँकेचा नियम मात्र फारसा कुणाला ठाऊक नाही.

नियम असा : बियाणं न्यायचं, पीक घ्यायचं आणि हंगाम संपल्यावर नेलं त्याच्या दुप्पट परत आणून द्यायचं.

वाचायला सोपा वाटणारा हा नियम पाळायला बरीच कामं पडतात. कडू वाल, गोड वाल, काळ्या शिरांचा घेवडा असे वाण वेगवेगळे राखावे लागतात. वेलावरच्या चांगल्या भरलेल्या, निरोगी शेंगा खुडायच्या नाहीत, तिथंच वाळू द्यायच्या. पोरं भाजीला मागतील, तरी नाही म्हणायचं. मग दाणे सोलायचे, किडके वेचून टाकायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे आणि राख लावून मडक्यात भरायचे. एखादीच्या दाण्याला भुंगा लागला तर तिला शेजारणीला विचारावंच लागतं. शिवाय परतफेडीच्या निमित्तानं पुन्हा भेट ठरलेलीच. पैसे देऊन आणलेल्या पुडीला अशी दुसरी भेट नसते. बाग माणसं जोडते असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात जोडते ती ही उधारी.

कलेच्या बाबतीतही हेच दिसतं. चैत्र-वैशाखात जव्हार-मोखाड्यापासून अकोल्यापर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात बोहाडा रंगतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे बांधून देवदेवतांची सोंगं वाद्यांच्या तालावर रात्रभर नाचत येतात. अनेक गावांत कोणतं सोंग कोणत्या घराण्यानं नाचवायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. अशा गावात एखाद्या घराशी कायमचा अबोला धरून चालत नाही. ते घर आलं नाही, तर सोंग येत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचं मूळही सोबतीतच आहे. जड जातं ओढायला दोघी समोरासमोर बसत. एक ओवी लावी, दुसरी ती उचली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां या अभ्यासकांनी खेडोपाडी हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या, म्हणून त्या आज आपल्याला ऐकता तरी येतात. पिठाची गिरणी आली, बायांचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण पहाटेची ती बैठक मोडली आणि तिच्या जागी दुसरी बैठक आपण बसवली नाही, ही खंत उरतेच.

 

शहरात असा शेजार कसा जमायचा? मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास भाज्या आणि फळझाडं लावली. खालच्या कँटीनचा ओला कचरा वर गेला आणि त्याची माती झाली. पुढे त्यातूनच ‘अर्बन लीव्हज’ हा स्वयंसेवकांचा गट घडला, एरवी एकमेकांना ओळखण्याचं कारण नसलेले मुंबईकर सुटीच्या दिवशी एकत्र माती कालवू लागले. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ ख्रिस्टी या चित्रकार बाईनं शेजाऱ्यांना हाताशी धरून राडारोड्यानं भरलेल्या एका मोकळ्या प्लॉटवर बाग केली. ती आजही त्यांच्या नावानं आणि स्वयंसेवकांच्या हातांनी चालू आहे.

अहिल्यानगर शहरात किंवा संगमनेर-श्रीरामपुरात अशा जागांची वानवा नाही. लेआउट मंजूर होताना सोडलेल्या मोकळ्या जागा कितीतरी कॉलन्यांत गाजरगवतानं भरल्या आहेत. तिथं पालिकेनं माळी नेमून हिरवळ केली, तर जागा देखणी होईल, पण शेजारी घरातच राहतील. त्यापेक्षा चार वाफे चार घरांनी वाटून घ्यावेत आणि कोजागरीला तिथंच भजन, भारूड, पोरांची नाटुकली व्हावी. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी गावठी वाल-घेवड्याच्या पुड्या वाण म्हणून द्या, आणि देताना सांगा : पुढच्या संक्रांतीला दुप्पट परत आणायचं.