फोनवरचे डॉक्टर आणि घरची म्हातारी माणसे

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या जिल्ह्यातील हजारो जोडपी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावात उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. रक्तदाब, मधुमेह, दमा मात्र हंगाम संपायची वाट पाहत नाहीत. अशा घरांतून घाटनांदूरला माझ्याकडे हल्ली एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टरसाहेब, मोबाइलवरून डॉक्टरला दाखवता येतंय म्हणतेत, खरं हाय का?"

खरे आहे. केंद्र शासनाची 'ई-संजीवनी' ही सेवा २०१९ साली आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, ती घरबसल्या वापरण्यासाठी खुली झाली. तिला पैसे पडत नाहीत. आपला मोबाइल क्रमांक टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, रुग्णाचे नाव, वय व तक्रार लिहायची, जुने कागद असतील तर त्यांचे फोटो जोडायचे आणि आपला क्रमांक येईपर्यंत थांबायचे. डॉक्टर व्हिडिओवर बोलतात व औषधाची चिठ्ठी मोबाइलवरच येते. खासगी दवाखाना चालवणारा माणूस हे का सांगतो, असे काहींना वाटेल. अंबाजोगाईला जाऊन यायचे म्हणजे म्हाताऱ्या माणसाचा दिवस मोडतो, हे मी रोज पाहतो, म्हणून सांगतो.

ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांनी हिरमुसायचे कारण नाही. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ते स्वतः रक्तदाब व साखर तपासतात आणि गरज वाटल्यास त्यांच्याच यंत्रावरून मोठ्या डॉक्टरांशी गाठ घालून देतात. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांसाठी हाच मार्ग अधिक चांगला, कारण येथे निदान कोणाचा तरी हात रुग्णाच्या नाडीवर असतो.

आता आईसाठी मुलाने फोन करावा की नाही? २५ मार्च २०२० रोजी शासनाने दूरवैद्यकीय सल्ल्याचे नियम जाहीर केले. रुग्ण शुद्धीवर व समजता असेल, तर त्याच्या वतीने बोलणाऱ्याला त्याची संमती लागते. सोळा वर्षांपर्यंतचे मूल किंवा स्मृतिभ्रंशासारख्या आजाराने असमर्थ झालेला माणूस असेल, तर सांभाळ करणाऱ्याला ती असल्याचे धरले जाते. लहान मुलाने एकट्याने फोनवर औषध मागू नये. सोबत मोठे माणूस हवेच.

कायद्याचा भाग सोपा आहे. खरी अडचण वेगळीच. बोलणारा एकीकडे आणि रुग्ण दुसरीकडे असतो. मागच्या हंगामात एका मुलाचा कर्नाटकातून फोन आला, "मायला चक्कर यायलीय, घाम बी फुटायलाय. साखर वाढली असंल, गोळी वाढवून द्या." घरी नववीतली नात होती. तिला शेजारच्यांचे साखर मोजायचे यंत्र आणायला सांगितले. साखर भरली ६२. वाढली नव्हती, उतरली होती! एकादशी म्हणून म्हातारीने खाल्ले काही नव्हते, गोळी मात्र नेमाने घेतली होती. नातीने तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग जेवू घालून शेजाऱ्यांसोबत आजीला घेऊन आली. साखरेच्या काही गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो, साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून प्रत्यक्ष पाहणे जरुरीचे होते. मुलाच्या म्हणण्यावर गोळी वाढवली असती तर काय झाले असते, ते लिहायला नको.

तेव्हा फोन लावताना रुग्णाजवळचे माणूस जोडलेले असावे. त्याच्या हाताशी औषधांची पाकिटे असावीत. "ती बारीक पांढरी गोळी" एवढ्यावर कोणताही डॉक्टर काही सांगू शकत नाही. माझ्या कपाटातच बारीक पांढऱ्या गोळ्यांचे दहा-बारा प्रकार आहेत. त्या दिवशीचा रक्तदाब, साखर, पूर्वी कोणत्या औषधाची रिअॅक्शन आली होती का, आणि मूल असेल तर वजन. ताप उतरवणाऱ्या औषधाचा डोस वजनावर ठरतो, वयाच्या अंदाजावर नव्हे.

ओटीपीबद्दल दोन शब्द. म्हातारीच्या आधारला मुलाचा क्रमांक जोडलेला असतो. तिचा चौदा अंकी आभा क्रमांक काढायला बसले की ओटीपी जातो थेट उसाच्या फडात! हे काम मुलगा गावात असतानाच उरकावे. आणि स्वतः काही मागितलेले नसताना कोणी फोन करून "आरोग्य कार्डासाठी ओटीपी सांगा" म्हटले, तर सरळ फोन ठेवून द्यावा.

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, जीभ जड होणे, धाप लागणे, झटके, सर्पदंश, गरोदर बाईला रक्तस्राव: यात व्हिडिओची वाट पाहत बसू नये. १०८ ला फोन करावा.

एक शेवटचे. वरील नियमांप्रमाणे, डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना फोन केला, तर तो पाठपुरावा मानला जातो व चालू औषधे पुढे लिहून देणे सोपे जाते. म्हणून कोयता बांधण्याआधी आई-वडिलांना एकदा डॉक्टरांसमोर आणून बसवावे. ऊसतोडीचा हंगामही साधारण तेवढाच असतो.