जुन्या मोटारसायकलीचा जीर्णोद्धार

'जीर्णोद्धार' हा शब्द आपण सहसा देवळांसाठी योजतो. परंतु कित्येक गावी या जीर्णोद्धाराचा अर्थ असा होतो की, काळ्या पाषाणावर तैलरंग चढतो, झिजलेल्या पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी बसते आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी ज्या पायऱ्यांना खळगे पडले होते त्या कायमच्या दृष्टिआड होतात. देऊळ नवे होते. जुने मात्र उरत नाही. जुन्या यंत्राच्या बाबतीतही हाच धोका असतो. एखाद्या गृहस्थाने तरुणपणी घेतलेली आणि उमेदीची सारी वर्षे वापरलेली मोटारसायकल तो उतारवयात पुतण्याच्या, नातवाच्या किंवा शेजारच्या एखाद्या हौशी मुलाच्या स्वाधीन करतो. ती घेणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. खरे तर पहिला प्रश्न वेगळा असावयास हवा. या गाडीतले काय बदलावयाचे आणि काय आहे तसेच राहू द्यावयाचे, हा तो प्रश्न होय. त्याचा विचार आज आपण एका ठरावीक गाडीच्या निमित्ताने करू.

ही गाडी म्हणजे म्हैसूरची जावा. 'जावा' हे नाव त्या नावाच्या बेटावरून आलेले नाही. १९२९ साली फ्रांटिशेक यानेचेक या चेक कारखानदाराने 'वांडरर' या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव सिद्ध केले. आपल्याकडे १९६० च्या सुमारास इराणी कुटुंबाच्या पुढाकाराने म्हैसूर येथे आयडियल जावा हा कारखाना उभा राहिला. बेळगाव जिल्हा त्या वेळी म्हैसूर राज्यातच होता. पुढे याच कारखान्यातून 'येझदी' या नावाने गाड्या निघू लागल्या आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आले खरे, परंतु ती गाडी फोर-स्ट्रोक एंजिनाची. जुन्या गाडीला नव्या गाडीचे एंजिनाचे भाग लागत नाहीत. जुन्या जावाचा सुटा भाग आज मिळतो तो कोणा दुकानदाराच्या शिलकी मालातून, जुन्या बाजारातून किंवा नव्याने घडविलेल्या नकलेच्या रूपाने. म्हणूनच मूळ भाग उतावळेपणाने फेकून देण्याइतके मोठे नुकसान दुसरे नाही.

कामाचा आरंभ पान्याने न करता वही-पेन्सिलीने करावा. १९६५ साली ज्याने पंचविशीत गाडी घेतली, तो गृहस्थ आज ऐंशी ओलांडून गेला आहे. गाडीसंबंधी त्याला जे ठाऊक आहे ते कोणत्याही पुस्तकात सापडावयाचे नाही. गाडी केव्हापासून उभी आहे, सिलिंडरचे बोअरिंग शेवटी केव्हा केले, कोणता गिअर आपोआप सुटत असे, टाकीवरचा हा पोचा कोणत्या प्रसंगी पडला, हे सारे त्याला विचारून टिपून ठेवावे. मूळ पावती, माहितीपुस्तक, हत्यारांची पिशवी ही त्याच्या माळ्यावर असण्याचा संभव असतो, तीही मागून घ्यावी. त्यानंतर एकही बोल्ट सैल करण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. वायर कोणत्या खाचेतून गेली आहे, कोणता वॉशर कोठे आहे, हे दोन महिन्यांनी कोणालाही आठवत नसते.

कागदपत्रांची गोष्टही याच वेळी उरकावी. चासीवरील व एंजिनावरील क्रमांक नोंदणी पुस्तकातील क्रमांकांशी जुळतात की नाही, ते पाहावे. पहिला धनी हयात असेल, तर मालकी बदलण्यासाठी २९ व ३० क्रमांकाचे नमुने त्याच्या सहीनिशी भरावे लागतात. त्याच्या निधनानंतर तेच काम वारसाला ३१ क्रमांकाच्या नमुन्याने करावे लागते आणि वारस अनेक असले की प्रत्येकाची संमती गोळा करता करता दमछाक होते. बेळगावात नोंदलेली गाडी कोल्हापूरच्या भाच्याकडे जावयाची असेल, तर मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्रही हवे. सीमेच्या अलीकडे-पलीकडे विखुरलेल्या आपल्या कुटुंबांना हे विशेष ध्यानात ठेवावयास हवे. प्रेमाने दिलेली गाडी केवळ एका सहीअभावी कायमची अंगणात उभी राहू शकते.

आता यंत्राकडे वळू. अनेक वर्षे उभी असलेली गाडी मिळताच तिला किक मारून पाहण्याचा मोह अनावर होतो. तो आवरावा. सिलिंडरच्या आतल्या पृष्ठावर गंजाचा पातळ थर आलेला असतो आणि पिस्टनच्या रिंगा खाचांत चिकटून बसलेल्या असतात. अशा स्थितीत जोराने किक मारल्यास रिंग तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरवर ओरखडे काढतो. म्हणून प्रथम स्पार्क प्लग काढून त्या भोकातून थोडे तेल सोडावे, दोन-चार दिवस ते मुरू द्यावे आणि मग एंजिन हलक्या हाताने फिरते का ते पाहावे. या गाडीत किकचा आणि गिअरचा दांडा एकच आहे. तो आत दाबून वर फिरविला की किक होते. त्याचे दाते झिजलेले असले, तर धसमुसळेपणाने ते अधिकच बिघडतात.

जावाचे एंजिन टू-स्ट्रोक आहे. त्याचा व्यास ६५ मिलिमीटर व पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. या जातीच्या एंजिनात पिस्टनच्या खालची क्रँककेसची पोकळी पंपासारखे काम करते. पिस्टन वर जाताना पेट्रोल, तेल व हवा यांचे मिश्रण या पोकळीत ओढले जाते, तो खाली येताना ते दाबले जाऊन बाजूच्या मार्गाने वरच्या भागात शिरते. पंप म्हटला की तो हवाबंद हवा. हा हवाबंदपणा राखण्यासाठी क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हे रबर कडक होते, त्याला चिरा जातात आणि सारे दुखणे तेथून सुरू होते.

त्यातही गंमत अशी की, कोणता सील गेला आहे हे गाडी स्वतःच सांगते. डावीकडचा सील गेला, तर गिअरच्या बाजूचे तेल एंजिनात ओढले जाऊन जळते. गाडी ढगासारखा धूर सोडते आणि गिअरबॉक्समधले तेल कमी होत जाते. उजवीकडे डायनॅमोची कोरडी बाजू आहे. तेथील सील गेला, तर धूर होत नाही, पण बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, एंजिन वाजवीपेक्षा तापते आणि चालता चालता पिस्टन अडकून चाक जागीच थांबते. पहिला दोष डोळ्यांना दिसतो, दुसरा दिसत नाही आणि तोच अधिक घातक आहे. धूर पाहताच 'रिंगा गेल्या' असे म्हणून सिलिंडर बोअरिंगला धाडणारा मिस्त्री भेटला, तर त्याला आधी गिअरच्या तेलाची पातळी पाहावयास सांगावे. बोअरिंग पाव पाव मिलिमीटरच्या पायरीने होते आणि प्रत्येक पायरीगणिक मूळ सिलिंडरचे आयुष्य घटत जाते. मापाने झीज सिद्ध झाल्याशिवाय सिलिंडरला लेथवर चढवू नये. नवा पिस्टन बसविताना रिंगांची टोके खाचेतील बारीक पिनांवरच आली पाहिजेत. ती सरकली, तर सिलिंडरच्या खिडकीत अडकून तुटतात.

इंधनाबाबतही सावध राहावे. या एंजिनाला वंगण मिळते ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलातूनच. हे मिश्रण त्या काळी पंचवीस भागांस एक भाग अशा प्रमाणात करीत. आजचे टू-स्ट्रोकचे तेल अधिक चांगले असल्याने ते काहीसे कमी चालते, तथापि तेलाचा विसर मात्र पडता कामा नये. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. यास्तव पेट्रोलच्या नळ्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात आणि गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवावयाची असेल, तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करावेत. टाकीतला गंज मात्र पूर्ण काढावा, नाही तर त्याचे कण कार्बोरेटरच्या केसासारख्या बारीक भोकांत जाऊन बसतात.

काही बाबतींत जुनेपणाचा आग्रह धरूच नये. टायर, ट्यूब, ब्रेकचे अस्तर, ब्रेक व क्लच यांच्या तारा, कडक झालेली वायरिंग ही मुकाट्याने नवी घालावीत. टायरची नक्षी शाबूत दिसली, तरी रबराला बारीक चिरा गेलेल्या असतात. चाकाचा एकेक आरा वाजवून पाहावा, सैल आरा बद्द वाजतो. ब्रेकमध्ये जपून ठेवण्यासारखा कसलाही इतिहास नसतो.

मग जपावयाचे ते काय? जपावयाचा तो रंग, त्यावरील सोनेरी रेघा, टाकीचा क्रोम, सीटचा आकार, जुन्या वळणाची क्रमांकाची पाटी आणि माणसाच्या हातापायांनी केलेली झीज. टाकीच्या दोन्ही बाजूंस धन्याच्या गुडघ्यांनी घासून गुळगुळीत झालेले रबर नव्या दुकानात मिळत नाही. येथे एक साधी कसोटी लावावी. हा दोष गाडीच्या चालण्याला, थांबण्याला किंवा धातूच्या आयुष्याला बाधक आहे काय? असेल, तर तो दूर करावा. नसेल, तर तो दोष नव्हे, ती खूण आहे. पत्रा खाणारा गंज थांबविलाच पाहिजे, पण फिक्या पडलेल्या मूळ रंगाला हलक्या हाताने पुसून, मेण लावून तसेच राहू द्यावे. नवा रंग केव्हाही देता येतो, मूळ रंग एकदाच दिलेला असतो. जो भाग नाइलाजाने बदलावा लागेल, तो चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा.

ही केवळ भावनेची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याच्या चासीत, बॉडीत किंवा एंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट त्यात आहे. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनाला व जुन्या वाहनांच्या फेरीला मात्र नेता येते. म्हणजे जे जपावे असे मन सांगते, तेच जपले असल्यास कायदाही मान देतो.

गाडी चालू झाली की मग एकच काम उरते. ती प्रथम तिच्या पहिल्या धन्याच्या दारी न्यावी. यात त्याचा मान आहे, तसा आपला स्वार्थही आहे. त्या एंजिनाचा मूळ नाद त्याच्या कानात अजून आहे आणि तो कोठे चुकतो आहे हे त्याला ऐकताक्षणीच कळते. तपासणीचे हे साधन कोणत्याही कारखान्यात विकत मिळत नाही आणि ते फार काळ उपलब्ध राहणारेही नाही. म्हणून ज्यांच्या अंगणात अशी गाडी झाकून ठेवलेली आहे, त्यांनी 'पुढे पाहू' असे म्हणू नये. लोखंड आणखी दहा वर्षे थांबेल. ते चालविणारा माणूस थांबेलच, असे नाही.