सायंतन : एक विस्मृत शब्द व वाडीतील त्याचा उपयोग

मराठीत सायंकाळच्या वेळेस नावांचा तोटा नाही. तिन्हीसांज, दिवेलागण, कातरवेळ, गुरे परतताना धूळ उडते म्हणून गोरज, आणि पंचांगातला प्रदोष. परंतु ही सर्व त्या वेळेची नावे झाली. त्या वेळी जे घडते किंवा उमलते, त्यास लावावयाचे विशेषण विचारले तर आपण ‘सायंकाळचे’ एवढे म्हणून थांबतो. मग ते आजच सायंकाळी घडले की नित्य त्याच वेळी घडते, याचा उलगडा होत नाही. ह्या कामी एक जुना शब्द पडून आहे. तो ‘सायंतन’ होय.

ह्याची घडण परकी नाही. चिरंतन, सनातन, पुरातन, अद्यतन हे शब्द आपण ऐकतो. त्यांतील ‘तन’ हा प्रत्यय कालवाचक शब्दास लागून ‘त्या काळचा’ असा अर्थ देतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात ह्या प्रत्ययाचा नियम सांगताना ‘सायम्’ हा शब्द आरंभीच घेतला आहे. सायंकाळचे ते सायंतन व सकाळचे ते प्रातस्तन. येथे आम्ही हे शब्द नित्य त्या त्या वेळी घडणाऱ्या गोष्टींस लावीत आहो.

शेतकीच्या मासिकात शब्दचर्चा कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्या मांडवावरच आहे. वसई-विरारच्या वाड्यांत काकडी, कारली, भोपळा, दुधी, पडवळ, शिराळी व घोसाळी लावितात. ही सर्व एकाच कुळातील असली तरी त्यांची फुलण्याची वेळ एक नव्हे. काकडी, कारली, भोपळा व घोसाळी ही प्रातस्तन. त्यांची पिवळी फुले पहाटे ते सकाळी उमलतात आणि मधमाशा त्यांचे काम करितात. दुधी, पडवळ व शिराळे ही सायंतन. त्यांची फुले दिवस कलल्यावर उमलू लागतात. शिराळे व घोसाळे ही सख्खी भावंडे, पण एक तिन्हीसांजेचे, तर दुसरे पहाटेचे. दुधी व पडवळाची फुले पांढरी असतात, ती उगाच नव्हे. अंधारात पांढराच रंग दुरून दिसतो. त्यांच्याकडे येणारे पाहुणे म्हणजे निशाचर पतंग. त्यांतील मोठे पतंग फुलावर न बसता भिरभिरत राहून लांब सोंडेने मध घेतात. अळूच्या पानांवर शेपटीस काटा असलेली जी जाड अळी दिसते, ती ह्याच पतंगांच्या कुळातील.

आता आमची स्वतःची चूक सांगतो. एका उन्हाळ्यात आमच्या दुधीवर फुले भरपूर आली, परंतु बोटाएवढी फळे पिवळी पडून गळू लागली. आम्ही प्रथम पाण्यास, मग खतास, शेवटी फळमाशीस दोष दिला. खरे कारण निराळे होते. मधमाशा वाचाव्यात म्हणून औषध सायंकाळी फवारावे, हा उपदेश आम्ही सर्व मांडवांवर सारखाच पाळीत होतो. काकडी-कारल्यास तो योग्यच आहे. दुधीवर मात्र आम्ही पतंगांच्या ऐन येण्याच्या वेळी विष शिंपडीत होतो. त्याशिवाय रखवालीसाठी मांडवालगत रात्रभर दिवा जळत असे. पीकपाहणीच्या नोंदीत पिकाचे नाव येते, त्याची वेळ येत नाही. आमच्या मनातील नोंदही तशीच अपुरी होती.

दिव्याचा दोष केवळ तर्काचा नव्हे. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, अंधाऱ्या कुरणांत दिवे लाविले असता फुलांवरील रात्रीच्या कीटकांच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या, आणि पाहणीत घेतलेल्या वनस्पतीची फळधारणाही १३ टक्क्यांनी उतरली. २००९ साली येथे महानगरपालिका झाली, इमारती वाडीच्या कुंपणाला भिडल्या. त्यांचे दिवे आपण विझवू शकत नाही. आपल्या दिव्यावर मात्र झापड बसवून उजेड खाली पाडणे, अथवा काम नसता तो मालविणे, आपल्या हाती आहे.

पतंग कमी असतील तेथे हाताने परागसिंचन करावे. दुधीचे नरफूल लांब, बारीक देठाचे असते. मादीफुलाच्या मागे लव असलेला चिमुकला दुधी दिसतो. तिन्हीसांजेस ताजे उमललेले नरफूल खुडून पाकळ्या मागे साराव्यात व त्यातील पराग मादीफुलाच्या मधल्या भागास हलके लावावे. एक नरफूल दोन-तीन मादीफुलांस पुरते. हे काम सकाळवर ढकलू नये; तोवर फुलाचा ताजेपणा उतरलेला असतो. पुढील हंगामी आम्ही असे केले व गळ पुष्कळ कमी झाली.

फवारणीविषयी एवढेच की, फुलोऱ्यात ती शक्यतो टाळावी. टळत नसेल तर सायंतन वेलांवर कालची फुले कोमेजलेली व आजची उमलावयाची असताना करावी. प्रातस्तन वेलांवर सायंकाळी करावी. एकाच मांडवावर दोन्ही मिसळल्यास कोणतीच वेळ निर्धोक उरत नाही; सबब मांडव वेगळे ठेवावेत.

मोगऱ्याच्या बाबतीत हे शहाणपण आपल्या लोकांत पूर्वापार आहे. मोगरा सायंतन, म्हणून टपोऱ्या कळ्या पहाटे खुडून दादरच्या बाजारी पोचवितात व त्या संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी उमलतात. ज्याने वेळ जाणली त्याला दाम मिळाला. तीच दृष्टी दुधी-पडवळास लावावी, एवढीच आमची विनंती. देवळात दिवा लागतो, चर्चची घंटा होते, त्या सुमारास घरात न बसता एकदा मांडवाखाली उभे राहावे. किती फुले उमलली व किती पतंग आले, हे पाहण्यास घटकाभर पुरे.