पगार नसला तरी घरकर्ज: तयारी याच हंगामापासून

आपल्या एका सभासदाची घरकर्जाची फाईल बँकेतून परत आली. सोयाबीन दरवर्षी रोखीत विकलेलं, खात्यावर जमा काहीच दिसेना. पगाराची स्लिप नसली की बँक आपलं खातं वाचते. म्हणून:

१) मालाचे पैसे खात्यावरच घ्या, हिशेबपट्ट्या जपून ठेवा.
२) शेती उत्पन्न करमुक्त असलं तरी आयकर रिटर्न भरता येतो. दरवर्षी भरा, उत्पन्नाचा पुरावा तयार होतो.
३) पीककर्ज मुदतीत भरा. सिबिल अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो, अर्जाआधी बघा.
४) सातबारा, आठ-अ काढा. घर गावठाणात असेल तर मालमत्ता पत्रक लागेल. शेतात बांधायचं तर एनएचं बँकेला आधी विचारा.

कंपनीला दिलेल्या मालाच्या पट्ट्या हरवल्या असतील तर ऑफिसला या, काढून देतो.