जूनच्या रस्त्यावर जानेवारीची मिरवणूक

समजा, जूनच्या अखेरीस भर दुपारी सोलापूरच्या सात रस्त्यावर एका दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून कुणी मोबाईलवर दहा सेकंदांचा व्हिडिओ घेतला. रिक्षा, दुचाक्या, सिग्नलचा खांब, दुकानांच्या पाट्या. दुसरीकडे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचं चित्रण हाताशी आहे: पांढऱ्या बाराबंदीतले भाविक आणि त्यांनी पेललेला नंदीध्वज. आता ही मिरवणूक त्या चौकातून चालताना दाखवायची आहे. ब्लेंडरसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लग्नाच्या व्हिडिओचं ‘मिक्सिंग’ करणाऱ्या पोरांचा तर नवरा-नवरीला जागच्या जागी काश्मीरच्या बर्फात उभं करण्यात हात बसलेला असतो. तरी हे काम वाटतं तितकं सोपं नाही, आणि आडवा येतो तो सूर्य.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो डोक्याच्या उत्तरेलाच राहतो. त्यामुळे २१ जूनला साडेबाराच्या सुमारास साडेपाच फुटी माणसाची सावली जेमतेम सहा-सात इंचांची असते, आणि ती पडते दक्षिणेला. संक्रांतीच्या दिवसांत त्याच माणसाची मध्यान्हीची सावली साडेचार फुटांच्या आसपास भरते, तीही उत्तरेला. म्हणजे चौकातल्या रिक्षांच्या सावल्या एकीकडे आणि भाविकांच्या दुसरीकडे! बघणाऱ्याला अक्षांश-रेखांश कळत नसतील, पण ‘काहीतरी चुकतंय’ हे डोळा लगेच ओळखतो. म्हणून जाणता एडिटर मूळ सावली कापून टाकतो आणि नवी घालतो. पायाला चिकटून गडद, पुढे जराशी विरळ. पाऊल आणि डांबर जिथे टेकतात तिथली ती बारीक काळी रेघ राहून गेली, तर माणसं रस्त्यावर चालत नाहीत, तरंगतात.

सूर्याइतकाच कॅमेराही हट्टी. जमिनीवर उभं राहून घेतलेल्या मिरवणुकीत क्षितिज माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवरून जातं. गॅलरीतून घेतलेल्या चौकात ते सगळ्यांच्या डोक्यांच्या बरंच वर असतं. एकात चेहरे समोरून दिसतात, दुसऱ्यात टाळू दिसते. हे सॉफ्टवेअरने थोडंफारच सावरता येतं. तेव्हा अशी जोडणी करायची तर चित्रण घेतानाच कॅमेऱ्याची उंची जुळवून घेतलेली बरी.

माणसं मागच्या दृश्यातून कापण्याचं काम त्या मानाने बरंच सुधारलं आहे. कापणं सोपं जावं म्हणून चित्रण घेताना माणसांमागे हिरवा पडदा लावतात; हिरवाच का, याचं एक कारण कॅमेऱ्यातच आहे: संवेदकावरच्या दर चार बिंदूंपैकी दोन हिरव्या प्रकाशाचे असतात, कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७० च्या दशकात काढलेल्या रचनेप्रमाणे. पण मोबाईल व्हिडिओ जतन करताना जागा वाचवायला उजेड प्रत्येक बिंदूचा ठेवतो आणि रंग बहुधा चार बिंदूंमागे एकदाच. रंगावरून कापायला जावं तर केसांच्या, धोतराच्या कडा दातेरी निघतात त्या यामुळे. शिवाय पांढरी बाराबंदी पडद्याचा हिरवेपणा इमानदारीने उचलते. तो वेगळा धुवावा लागतो.

कडेचा बिंदू धड कापडाचा नसतो, धड रस्त्याचाही नसतो. त्यासाठी प्रत्येक बिंदूला शून्य ते एक यांमधला ‘अल्फा’ हा आकडा देतात. बाराबंदीची उजळता २००, रस्त्याची ८० आणि अल्फा पाव असेल, तर ५० अधिक ६० म्हणजे ११० उजळतेचा बिंदू दिसेल. थरांवर थर ठेवण्याचं हे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये नीट मांडलं. आजचं लेअरचं सगळं काम त्याच पायावर उभं आहे.

दादासाहेब फाळक्यांच्या काळात यातलं काहीच नव्हतं. ‘लंकादहन’ (१९१७), ‘कालियामर्दन’ (१९१९) हे चित्रपट चमत्कारदृश्यांनी गाजले. तेव्हाची युक्ती कॅमेऱ्यातच करायची: भिंगाचा एक भाग झाकून चित्रण घ्यायचं, फिल्म मागे फिरवायची, मग दुसरा भाग झाकून त्याच फिल्मवर पुन्हा चित्रण. या खेळात कॅमेरा केसभर हलला की सगळं वाया. संगणकाने खरी सुटका केली ती या बंधनातून, ट्रॅकिंगच्या जोरावर. ट्रॅकिंग म्हणजे चित्रातले ठळक कोपरे, जसे पाटीचा कोन किंवा खांबाचं टोक, दर फ्रेममध्ये शोधून कॅमेरा कसा हलला ते काढणं. सात रस्त्यावर पंचाईत ही की ठळक गोष्टींपैकी बहुतेक स्वतःच पळत असतात. एखाद्या रिक्षाची नंबर प्लेट ट्रॅकिंगचा बिंदू म्हणून धरली, तर नंदीध्वज तिच्या मागोमाग जाईल.

ती रिक्षा मिरवणुकीच्या पुढून गेली तर आणखी उद्योग. तिची बाह्यरेषा प्रत्येक फ्रेमला आखून तिला वरच्या थरात आणायची. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांच्या २५०. याला रोटोस्कोपिंग म्हणतात. मॅक्स फ्लायशर यांनी अमेरिकेत १९१७ मध्ये याच नावाच्या यंत्राचं पेटंट मिळवलं होतं. आता कृत्रिम बुद्धिमत्ता बरीचशी रेषा स्वतः आखते, पण चाकाच्या आऱ्यांपाशी अजून गडबडते.

शेवटी दोन्ही चित्रणांच्या खोडी जुळवाव्या लागतात. ‘फॉरेस्ट गंप’ (१९९४) मध्ये टॉम हँक्सला जॉन केनेडींच्या जुन्या चित्रणात बसवताना नव्या चित्रावर जुन्या फिल्मसारखे दाणे चढवावे लागले होते. आपल्याकडे उलटं: जूनच्या कडक उन्हात मोबाईलचा शटर क्षणात मिटतो, पळती दुचाकीही लख्ख दिसते; मिरवणुकीचं चित्रण संध्याकाळचं असेल तर हात पुसट झालेले आणि चित्रात रवाळपणा. ही पुसट झालेली हालचाल धारदार करणं अजून अवघडच आहे.

त्यापेक्षा चार जणांना बाराबंदी घालून जूनमध्येच, साडेबाराच्या उन्हात, तेवढ्याच उंचीवरून चित्रित करणं स्वस्त पडेल. किंवा चौकाचा व्हिडिओच ढगाळ दिवशी घ्यावा. प्रकाश आभाळभर पसरला की सावल्यांना दिशा उरत नाही आणि निम्मं काम आपोआप होतं. मृगाच्या ढगांची वाट सोलापुरात शेतकऱ्याखालोखाल एडिटरनेही बघायला हरकत नाही.